मगदूम बाईंचा नियम

निपाणीत सूर्य किती वाजता मावळतो हे मला झोपेतून उठवून विचारा, मी मिनिटासकट सांगेन. डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या ठोक्याला, संक्रांतीला सहा वीसच्या आसपास, मे अखेरीला सातला दोन-तीन मिनिटं कमी. हे ज्ञान माझं नव्हे. मी हिंदीची बाई, भूगोलाशी माझं शाळेत असतानाही कधी जमलं नाही. पण अकरा वर्षं मगदूम बाईंच्या शेजारी बसून बसचा प्रवास केला, आणि वाण नाही पण गुण लागला.

त्रिशला मगदूम या आमच्या हायस्कूलच्या गणिताच्या बाई. शाळा हायवेलगतच्या एका खेड्यात, आणि आम्ही दोघी राहायला निपाणीत, एकाच गल्लीत. मुलं त्यांना बाई म्हणत, आम्ही बाकीचे सगळे आक्का. घर जैन, आणि जैनांतही कडक. वयाच्या तिसाव्या वर्षी, गावात मुक्कामाला आलेल्या एका साध्वी माताजींसमोर हात जोडून त्यांनी नियम घेतला होता: सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही, उगवेपर्यंत काही नाही. असा नियम गल्लीतल्या बऱ्याच बायकांचा होता. पण कुणी औषधापुरती सूट घेई, कुणी प्रवासापुरती, आणि त्यांच्यात तशी घेतलेली चालतही असे. आक्कांनी सूट मागितलीच नाही. तापानं फणफणल्या तरी गोळी दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. डब्याच्या झाकणाला आतून महिन्याच्या सूर्यास्तांची चिठ्ठी चिकटवलेली असे, त्यांच्याच अक्षरात, ओळीला ओळ भिडवून लिहिलेली.

अंगानं त्या भरभक्कम होत्या. बसच्या सीटवर त्या बसल्या की उरलेली जागा माझी, आणि ती फार नसे. पाढे म्हणत मराठीत, रागवत कानडीत. मुलांकडे पाठ न फिरवता मागे हात करून सरळ रेघ मारत. आणि एकच वाक्य दिवसातून दहादा: "उत्तर बरोबर हाय. रीत कुठं हाय?" नुसत्या उत्तराला त्यांच्याकडे मार्क नसत. घरीदारी, बसमध्येही हाच खाक्या. माझ्या नवऱ्यानं एकदा आपणहून चहा केला, ते मी मोठ्या कौतुकानं सांगायला गेले, तर म्हणाल्या, "उत्तर बरोबर आलंय गं. पण रीत काय वापरलीस ती सांग, आमच्या अण्णांवर करून बघते." अण्णा म्हणजे त्यांचे यजमान. तंबाखूच्या वखारीत त्यांची नोकरी झाली होती, आणि बोलण्याचं सगळं काम त्यांनी लग्नातच आक्कांच्या नावे करून दिलं होतं.

खाण्यावर आक्कांचं प्रेम होतं आणि ते त्या लपवत नसत. चिकोडीकडच्या एका लग्नात वरात लांबली. अक्षता पडायचा पत्ता नाही आणि उन्हं तर उतरत चाललेली. आक्का उठल्या, थेट आचाऱ्याकडे गेल्या. "सूर्य तुझ्या नवरदेवासाठी थांबत न्हाय रं, पानं मांड." आचाऱ्यानं मुकाट्यानं पानं मांडली. नवरा वेशीवर नाचतोय आणि इकडे आक्कांच्या पुढारपणाखाली नियमवाल्यांची अख्खी पंगत जेवून उठतेय, असं ते लग्न मी पाहिलंय. त्या दिवशी त्यांनी नऊ होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, खाल्ल्या, तुपासकट. मी मोजल्या, कारण त्याच म्हणाल्या होत्या, "मोज गं, मला खाण्याच्या नादात हिशेब ऱ्हात न्हाय."

मग व्हायचं ते झालं. पंचेचाळिशीत साखर निघाली, पन्नाशीत गोळ्यांचं इंजेक्शन झालं, गुडघे कुरकुरू लागले. वजन एकशे अठराला पोचलं तेव्हा बेळगावच्या डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. मी आणि अण्णा सोबत गेलो होतो. डॉक्टर कागदावर पोटाचं चित्र काढून समजावत होते, की जठराचा एवढासा कोपरा ठेवायचा, आतडं वळवून त्याला जोडायचं, म्हणजे पोटाचं क्षेत्रफळ कमी होईल. "क्षेत्रफळ न्हाय डॉक्टर, घनफळ," आक्का म्हणाल्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती घनफळ उरणार ते सांगा." डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर आक्कांनी चमच्यानं पाणी मोजत एकेक वाटी भरून पाहिली आणि देवघरातली अगदी लहान वाटी बाजूला काढली. बराच वेळ तिच्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "नऊ होळग्या यात कशा बसायच्या?" हसत म्हणाल्या, पण मला काही हसू आलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. इंजेक्शन सुटलं. वर्षभरात आक्का निम्म्या झाल्या, आणि बसमध्ये मला पहिल्यांदा पुरी सीट मिळाली. मला ते आवडलं नाही, असं म्हटलं तर कुणाला पटायचं नाही. डॉक्टरांनी त्यांना नियम लावून दिले होते. दर अडीच-तीन तासांनी थोडं खायचं. आधी डाळ, पनीर, दही, भात-भाकरी मागून. सावकाश, घासागणिक चावत. जेवताना पाणी नाही, गोड तर नाहीच. दिवसा हे सगळं शाळेच्या घंटेवर बसलं. दुसऱ्या तासाची घंटा झाली की दोन चमचे दही, मधल्या सुट्टीत वाटीभर डाळ. भूक अशी लागतच नसे, म्हणून त्या घंटेलाच भूक म्हणत. "माझी भूक शिपायाच्या हातात हाय," असं सांगत. अडचण होती ती संध्याकाळची.

पहिल्यांदा पडल्या त्या आपल्या स्वयंपाकघरात. पावणेआठचा सुमार. अण्णा धावत मला बोलवायला आले. आक्का ओट्याला टेकून बसलेल्या, अंगावरचं पातळ घामानं भिजलेलं, हात लटलटत होते. मी मशीन लावलं. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्तात साखर दाखवणारं ते मशीन तोवर मला त्यांच्याइतकंच येऊ लागलं होतं. आकडा आला अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली गेली की लगेच तीन लहान चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, आणि वर आली की ती टिकायला मूठभर फुटाणे किंवा पनीर खायचं, हे डॉक्टरांनी आम्हा तिघांकडूनही घोकून घेतलं होतं. मी ग्लुकोज कालवलं. आक्कांनी ओठ मिटले. अण्णा पहिल्यांदाच काहीतरी बोलले, "घे की गं." आक्कांनी मान हलवली. त्या रात्री साखर आपोआप थोडी वर आली म्हणून निभावलं. मी घरी जाऊन नवऱ्यावर उगाच चिडले.

दुसऱ्या दिवशी हे गावात पसरलं, आणि पसरलं ते उलटं. इतकी वर्षं ज्या बाईची साखर वाढली वाढली म्हणून सगळे हळहळत होते, तिची साखर कमी झाली म्हटल्यावर लोकांना आनंदच झाला. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता अभिनंदन केलं. एका मुलाचा बाप तर नव्या गुऱ्हाळाची गुळाची ढेप घेऊन शाळेत हजर. "बाई, साखर कमी झाली म्हणं. लई बरं झालं की. आता खावा गूळ खुशाल." आक्कांनी ढेप घेतली, त्याला नमस्कार केला, आणि स्टाफरूममध्ये येऊन म्हणाल्या, "बघ, लोकांना सुदिक उत्तर दिसलं, रीत दिसली न्हाय."

असं आठवड्यातून दोनदा तरी व्हायला लागलं. दर वेळी आकडा खाली, दर वेळी ओठ मिटलेले. डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, की एखाद दिवशी शुद्ध जाईल, डोकं आपटेल, किंवा झोपेतच राहतील. मी हे आक्कांना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "साखर घड्याळ बघून पडत न्हाय, तसा नियमबी घड्याळ बघून सोडता येत न्हाय." मी बोलणं टाकलं. दोन दिवस आम्ही बसमध्ये शेजारी बसून खिडकीबाहेर पाहत गेलो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आलेखाचा कागद काढला. आडव्या रेघेवर वार, उभ्या रेघेवर साखर. महिनाभराच्या नोंदी त्यांच्या वहीत होत्याच. तो आलेख त्यांनी नववीच्या वर्गात फळ्यावर काढला, कुणाचा ते न सांगता. "कशाचा असंल?" पोरं म्हणाली, पावसाचा. एकजण म्हणाला, तवंदी घाटाचा, चढ आणि उतार. आक्कांना तो घाट आवडला असावा, त्या तशाच फळ्यासमोर उभ्या राहिल्या. मग माझ्या वर्गाच्या दारात येऊन त्यांनी मला बाहेर बोलावलं. "रविवारी पडत न्हाय," त्या म्हणाल्या.

रविवारी साखर पडत नव्हती, कारण रविवारी त्या घरी असत आणि साडेचारला निवांत बसून जेवत. एरवी शाळा सुटायची, बस मिळायची, घरी पोचेतो सूर्यास्ताला पंधरा-वीस मिनिटं उरायची. मग बाई चप्पल काढून थेट ताटावर. डाळ चावायला वेळ लागतो, म्हणून मऊ भात-आमटी, चार घास भराभर, वर पाणी, कारण पुढे पाणीही नाही. नेमकं हेच त्यांच्या नव्या पोटाला चालत नव्हतं. घाईनं गिळलेला भात थेट आतड्यात उतरायचा, साखर एकदम चढायची, तिला आवरायला शरीर भलतंच जोर लावायचं, आणि दीड-दोन तासांनी साखर दणकन खाली. म्हणजे सूर्य बुडायच्या आत उरकायचं म्हणून केलेली घाईच सूर्य बुडाल्यावर अंगावर येत होती. "दोष नियमाचा न्हाय गं," आक्का म्हणाल्या, "दोष माझ्या गिळण्याचा हाय." सुटका झालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि शेवटचा तास बदलून मागितला. चार ते साडेचार त्यांना मोकळे हवे होते. "चार वाजता जेवण, बाई?" सर म्हणाले. "जेवण न्हाय सर, आवशिद हाय." तेव्हापासून चार वाजता स्टाफरूमच्या कोपऱ्यात आक्का भिंतीकडे तोंड करून बसत आणि घासागणिक बत्तीस मोजत. मोजणं ओठांवर दिसे. त्या अर्ध्या तासात त्यांच्याशी कुणी बोलत नसे, शिपाईसुद्धा. पडणं थांबलं. दहा महिने सगळं सुरळीत गेलं. डॉक्टरांनी आलेख ठेवून घेतला, म्हणाले, दुसऱ्या पेशंटना दाखवीन. आक्कांनी त्यावर आधी अक्षांची नावं लिहून दिली.

पुढं जानेवारी आला. त्यांच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, महिला मंडळाचा मेळावा रविवारी होता, आणि त्यात आक्कांचा सत्कार ठरला होता. नियमाला तीस वर्षं पुरी होत होती. एकदाही न मोडलेली, एकही सूट न घेतलेली तीस वर्षं गल्लीत दुसऱ्या कुणाचीच नव्हती. शाल आणलेली सगळ्यांना ठाऊक होती, आणि आक्कांना तिचा रंगसुद्धा ठाऊक होता. मला वाटतं, नवऱ्या मुलीनं शालूची वाट पाहावी तशी त्या त्या शालीची वाट पाहत होत्या. दाखवत नव्हत्या, पण माझ्यापासून काय लपणार.

त्याच आठवड्यात गुरुवारी शाळेची तपासणी लागली. साहेबांनी चार वाजता, नेमक्या मोकळ्या वेळेत, आक्कांनाच तास घ्यायला लावला, मग सगळ्यांची बैठक घेतली, ती पावणेसहापर्यंत. डबा पिशवीतच राहिला. बस सहाला आली ती खचाखच भरलेली, उसाच्या हंगामात असते तशी. आम्ही दोघी दांड्याला लोंबकळत उभ्या. उभ्यानं डबा उघडणं शक्यच नव्हतं. सहा बारा झाले. जवळच्या सीटवर एक ओळखीची बाई होती, तिनं संक्रांतीतली गुळाची पोळी पुढं केली. आक्कांनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं, एकदा मनगटावर, आणि पोळी घेतली. मी म्हटलं, "आक्का, नको." "निम्मीच खाते. पोटात कायतरी पाहिजे की," असं म्हणत त्यांनी ती अख्खी चार घासांत गिळली. महिनाभर आलेख काढून जी चूक त्यांनी पकडली होती, तीच त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत केली. मी अडवायला हवं होतं. आजही मला ते लागतं.

तवंदी घाटात उसाची ट्रॉली उलटली होती. सगळा रस्ता ऊसच ऊस. बस थांबली ती थांबलीच. सात झाले, साडेसात झाले. माणसं खाली उतरली, आम्हाला बसायला जागा मिळाली. पावणेआठला आक्कांच्या बोलण्याला जडपणा आला. मी मोबाईलच्या उजेडात मशीन काढलं. अठ्ठेचाळीस. इतका खाली आकडा मी कधी पाहिला नव्हता. बाटलीत ग्लुकोज कालवलं आणि पुढं केलं. आक्कांनी हातानं तोंड झाकलं.

"आक्का, इथं डॉक्टर न्हाय, गाडी न्हाय. घ्या."

"तीन दिस ऱ्हायल्यात गं," त्या म्हणाल्या. "तीनच दिस."

मी रागावले, विनवलं, अण्णांना फोन लावला. घाटात रेंज नव्हती. आक्का माझ्याकडे पाहत होत्या, पण नजर माझ्या पलीकडे कुठंतरी लागलेली. काय सुचलं कोण जाणे, मी एकदम विचारलं, "आक्का, सतरा नव्वे किती?"

त्यांनी तोंडावरचा हात काढला. ओठ हलले. काहीच आलं नाही. मग त्यांनी पहिलीतल्या पोरासारखी मुळापासून सुरुवात केली. "सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक..." थांबल्या. परत पहिल्यापासून. "सतरा त्रिक..." पुन्हा तिथंच. तीसपर्यंतचे पाढे त्यांना येत होते, आणि चाळीस वर्षांत त्यांना त्यासाठी थांबलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्या माझा हात चाचपू लागल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मरणाची भीती मी त्यांना किती वेळा घातली होती, ती त्यांना कधी वाटली नाही. ही वाटली. त्यांनी आपणहून तोंड उघडलं, आणि मी बाटली लावली.

पंधरा मिनिटं मी मोबाईलवरचं घड्याळ बघत बसले. मी दुसऱ्यांदा बोट टोचायला घेतलं, तेवढ्यात त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "त्रेपन्नासे." एकशे त्रेपन्न. मला हसू आणि रडू एकदमच आलं. मशीनवर ब्याऐंशी होतं. मी बाटली पिशवीत ठेवू लागले, तर त्यांनी हात पुढं केला. "फुटाणे दे. नुसतं ग्लुकोज घेऊन उपेग न्हाय, परत पडंल. मोडलाच हाय तर नीट मोडू. अर्धवट गणिताला मार्क न्हायत." आणि त्या काळोखात, खाली उसाच्या कांड्या गोळा करणाऱ्यांचा गलका चाललेला असताना, त्यांनी एकेक फुटाणा बत्तीस वेळा चावून खाल्ला.

बस हलल्यावर मी म्हटलं, "आक्का, कुणी पाहिलं न्हाय. मी कुणाला सांगणार न्हाय." घाट उतरताना रोज स्तवनिधीच्या देवळाच्या दिशेनं त्या हात जोडत, तेवढे जोडले. गल्लीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा म्हणाल्या, "तू सांगू नकोसच. ते काम माझं हाय."

त्या मे महिन्यात आक्का निवृत्त झाल्या आणि अण्णांसह म्हैसूरला लेकीकडे गेल्या. निरोपसमारंभ झाला, हार झाले, फोटो निघाले. त्यातलं मला फारसं काही आठवत नाही. मी आक्कांना डोळे भरून शेवटचं पाहिलं ते त्या जानेवारीतल्या रविवारी, बस्तीत.

दुपारी तीनचा मेळावा. मी शेजारीण म्हणून मागच्या सतरंजीवर बसले होते. अध्यक्षीणबाईंनी आक्कांचं कौतुक सुरू केलं. तीस वर्षं, अखंड, नव्या सुनांनी आदर्श घ्यावा, वगैरे. शाल उलगडली. आक्का उठल्या, पण शालीसाठी वाकल्या नाहीत. फळ्यासमोर राहत तशा ताठ उभ्या राहिल्या.

"हिशेब चुकलाय," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांला तीन दिस कमी हायत. गुरुवारी सांजचं, दिवस बुडल्यावर, मी ग्लुकोज घेतलं आणि फुटाणे खाल्ले. कुणी जबरदस्ती केली न्हाय. माझं मी तोंड उघडलं. आणि परत साखर पडली तर परत घेणार हाय, हेबी आत्ताच सांगते."

मग पुढच्या रांगेतून एक बाई समजुतीनं म्हणाली, "अहो, आवशिद म्हणून घेतलं की. त्याला मोडलं म्हणत न्हाईत."

"म्हणत न्हाईत. पण ती सूट मी आधीच मागायला पाहिजे हुती. डॉक्टर सांगत हुते, घरचे सांगत हुते. मी मागितली न्हाय, कारण मला ही शाल पाहिजे हुती." आक्कांनी एकदा शालीकडं पाहिलं. "धरम किती आणि तोरा किती, हे मला त्या बसमधी कळलं. शाल घडी करून ठेवा."

अध्यक्षीणबाईंनी शालीची घडी घातली, ती नीट बसेना. तिळगूळ वाटला गेला. नेहमी आक्कांना घेरून बसणाऱ्या बायका त्या दिवशी दोन हात लांब राहिल्या. कुणी वाईट वागलं नाही, पण तीस वर्षं जी जागा त्यांची होती ती त्या दुपारी गेली, आणि ती जाताना त्यांनी पाहिली. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

आम्ही पायरीवर चपला शोधत होतो. मागून कुणीतरी आक्कांचा पदर ओढला. आमच्या गल्लीतल्या चौगुले काकू, सत्तरी उलटलेल्या, नियमाला आक्कांहून जुन्या. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाल्या, "त्रिशला, मलाबी सांजचं तसंच हुतंय गं. घाम येतोय, डोळ्यापुढं अंधारी येतीया. साखरेची गोळी घेते मी सांजच्या जेवणाबरोबर."

"मग काय करता?"

"णमोकार मंत्र म्हणत पडून ऱ्हाते. कुणाला सांगायचं?"

आक्का खाली पायरीवर बसल्या आणि काकूंनाही हाताला धरून बसवलं. "काकू, तुम्ही दिवस बुडल्यावर कायबी खात न्हाय, हे गोळी देणाऱ्या डॉक्टरला सांगितलंय का?"

"ते त्याला कशाला सांगायचं? आपल्या धरमाचं हाय की ते."

"उद्या सकाळी मी येते. दोघी जाऊन त्याला सांगू. गोळी बदलून देईल, न्हायतर वेळ बदलून देईल."

काकूंनी मान डोलावली. पण उठल्या नाहीत. उन्हं पायरीवरून सरकून अंगणात गेली होती. सूर्यास्ताला अजून पुष्कळ वेळ होता, आणि त्या त्याचाच विचार करत असाव्यात.

"आणि आज सांजचंच झालं तर गं?"

आक्का म्हणाल्या, "तर माझ्याकडं या. दार उघडं ठेवते. दोघी मिळून मोडू."

काकूंनी वर पाहिलं, आक्कांच्या खांद्यावर हात ठेवून उठल्या, आणि त्या दोघी एकमेकींना धरून पायऱ्या उतरू लागल्या.